‘नाही’ म्हणणारं कोणी उरू नये म्हणून

१ मार्च २००३ रोजी तुर्कस्तानच्या संसदेपुढे एक ठराव होता. इराकवर उत्तरेकडून चढाई करण्यासाठी अमेरिकी सैन्याला तुर्की भूमीवरून वाट द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. तुर्कस्तान नाटोचा जुना सदस्य, अमेरिकेचा मित्र, आणि बदल्यात मिळणारी आर्थिक मदत अब्जावधी डॉलरची. तरीही ठराव थोडक्यात नापास झाला. जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याला उत्तरेची आघाडी सोडून द्यावी लागली. रणगाडे आणि तोफा घेऊन तुर्की किनाऱ्याजवळ ताटकळलेली जहाजं सुएझमार्गे कुवेतकडे वळवावी लागली.

त्याच महिन्यात हिंदी महासागराच्या मध्यावर असलेल्या दिएगो गार्सिया नावाच्या बेटावरून अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं इराककडे झेपावत होती. तिथे ठराव नापास करायला संसद नव्हती. मोर्चा काढायला, हरकत घ्यायला गावकरीही नव्हते. कधी काळी होते. त्यांना तीस वर्षांपूर्वीच जहाजात घालून नेलं होतं.

अमेरिकेच्या लष्करी ताकदीची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा आकड्यांची होते. आकडे खरोखरच छाती दडपवणारे आहेत. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ मध्ये जगाचा लष्करी खर्च सुमारे २,७१८ अब्ज डॉलर होता आणि त्यातले ९९७ अब्ज एकट्या अमेरिकेचे. अकरा विमानवाहू नौका, आणि अभ्यासकांच्या अंदाजानुसार परदेशांत साडेसातशेच्या आसपास तळ. पण या आकड्यांवरून ताकद किती आहे एवढंच समजतं. ती कोणाला जबाबदार आहे, हे समजत नाही. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न हा आहे की या ताकदीला ‘नाही’ कोण म्हणू शकतं. फिलिपाइन्सच्या सिनेटने सप्टेंबर १९९१ मध्ये तळांचा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेने सुबिक बेचा नौदल तळ सोडला. किर्गिझस्तानने सांगितल्यावर २०१४ मध्ये मनासचा तळ बंद झाला. जिथे माणसं आहेत, निवडणुका आहेत, वर्तमानपत्रं आहेत, तिथे अमेरिकेला विचारावं लागतं, सौदा करावा लागतो, प्रसंगी उठून जावं लागतं. याचं श्रेय त्या देशांना तर आहेच, आणि विचारायची सवय ठेवल्याचं काही श्रेय अमेरिकेलाही दिलं पाहिजे.

दिएगो गार्सियाची कल्पना मात्र या विचारण्यातून सुटण्यासाठीच जन्माला आली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलातले नियोजक स्टुअर्ट बार्बर यांच्या लक्षात आलं होतं की आशिया आणि आफ्रिकेतल्या वसाहती एकामागून एक स्वतंत्र होणार, आणि स्वतंत्र देश परक्या तळांना आज ना उद्या बाहेर काढणार. यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा : मुख्य भूमीपासून दूर, कमी वस्तीची बेटं हेरावीत, आणि ती स्वतंत्र होण्याआधीच एखाद्या पाश्चात्त्य सत्तेच्या हाती कायमची ठेवावीत. दिएगो गार्सिया या हिशेबात चपखल बसलं. भारताच्या दक्षिण टोकापासून सुमारे १,८०० किलोमीटर, मधोमध प्रशस्त खाजण, जिथे अख्खा आरमारी ताफा नांगर टाकू शकेल.

दिएगो गार्सिया ज्यांत मोडतं ती चागोस बेटं होती ब्रिटनच्या ताब्यात, पण मॉरिशस वसाहतीचा भाग म्हणून. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी चालली असताना ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांना एकट्याला भेटायला बोलावलं. भेटीआधी विल्सन यांच्या हाती दिलेलं टिपण आज सर्वांसाठी खुलं आहे : रामगुलामांना आशाही दाखवावी आणि धाकही घालावा, स्वातंत्र्य मिळण्याची आशा आणि न मिळण्याचा धाक. रामगुलाम कबूल झाले. तीस लाख पौंडांच्या मोबदल्यात चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली गेली आणि ८ नोव्हेंबर १९६५ रोजी त्यांची ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ ही नवी वसाहत तयार झाली. वसाहती संपत आल्या होत्या त्या काळात ही नवी वसाहत! संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पुढच्याच महिन्यात मॉरिशसची भूमी तोडू नका असा ठराव केला, पण तो ऐकतो कोण?

३० डिसेंबर १९६६ रोजी अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली आणि बेटं पन्नास वर्षांसाठी अमेरिकेच्या वापराला मिळाली. वर गुप्तपणे ठरलं की पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या संशोधनखर्चापोटी ब्रिटनकडून येणं असलेल्या रकमेतले १४० लाख डॉलर अमेरिका सोडून देईल. ही सूट गुप्त का, हे नीट पाहायला हवं. रोख पैसे द्यायचे तर अमेरिकी काँग्रेसची मंजुरी लागली असती, तिथे प्रश्न आले असते, कोणी तरी ‘नाही’ म्हणालं असतं. ब्रिटिश संसदेलाही या व्यवहाराचं खरं रूप सांगितलं गेलं नाही. म्हणजे चागोसच्या लोकांना तर विचारलं नाहीच, ज्या दोन देशांच्या नावाने हे सगळं चाललं होतं त्यांच्या मतदारांनाही विचारलं नाही. अमेरिकी काँग्रेसला हा व्यवहार समजला तो १९७५ मध्ये. तोवर बेटं रिकामी झाली होती.

ती कशी रिकामी केली? सुमारे दीड ते दोन हजार माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत होती. मादागास्कर आणि मोझांबिककडून आणलेल्या गुलामांचे वंशज, आणि त्यांच्यात मिसळलेले भारतातून मजुरीसाठी नेलेले लोक. नारळाच्या बागा, खोबऱ्याचा व्यापार, मासेमारी, स्वतःची क्रिओल भाषा, चर्च, दफनभूमी. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कागदोपत्री मात्र असं धोरण धरलं की तिथे कायमचे रहिवासी कोणी नाहीतच, आहेत ते कंत्राटी मजूर. समुद्रपक्ष्यांखेरीज तिथे कोणी मूळ रहिवासी उरणार नाही, असं १९६६ च्या एका सरकारी टिपणात स्पष्ट लिहिलेलं आहे. अमेरिकी नौदलाचा आग्रहही तोच होता. राहिलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न १९७१ मध्ये नौदलप्रमुख एल्मो झुमवाल्ट यांच्यापर्यंत गेला तेव्हा त्यांनी तीन शब्दांत शेरा मारला. अर्थ असा की त्यांना जावंच लागेल.

सुरुवात गुपचूप झाली. उपचारासाठी किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीचं तिकीट नाकारायचं. नंतर चागोसवासींचे नेते झालेले ऑलिव्हिए बॅनकूल्ट यांची आई १९६८ मध्ये गाडीचं चाक पायावरून गेलेल्या लहान मुलीला घेऊन पोर्ट लुईच्या दवाखान्यात आली. मुलगी वाचली नाही. तिला पुरून परतीच्या जहाजाची चौकशी करायला आई गेली, तर उत्तर मिळालं की तुमचं बेट विकलं गेलं आहे, आता परत जाता येणार नाही. जे बेटांवर राहिले होते त्यांच्यापर्यंत येणारं धान्य आणि औषधं आटत गेली. १९७१ मध्ये दिएगो गार्सियावरच्या लोकांची पाळीव कुत्री पकडून खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडली आणि गाड्यांचा धूर सोडून मारली. मुलं बघत होती. मग माणसांची पाळी. एकेक पेटी आणि एकेक चटई घेऊन त्यांना गच्च भरलेल्या मालवाहू जहाजात चढवलं. १९७३ पर्यंत दिएगो गार्सियापासून सुमारे दोनशे किलोमीटरवरची पेरोस बान्होस आणि सालोमों ही चागोसमधली बेटंसुद्धा ओस पडली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरल्यावर त्यांना घर नव्हतं, काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मॉरिशसनेही त्यांना आपलं मानलं नाही. रोश ब्वा, कासी अशा वस्त्यांमध्ये ती माणसं दारिद्र्यात आणि हेटाळणीत जगली. १९८२ मध्ये ब्रिटनने चाळीस लाख पौंड देऊ केले, आणि ते घेताना हक्क सोडल्याच्या इंग्रजी कागदांवर अंगठे घेतले. ज्यांनी अंगठे उठवले त्यांतल्या अनेकांना ते कागद वाचता येत नव्हते.

याच कहाणीत एक प्रसंग आहे, तो मला सर्वांत जास्त छळतो. चागोसबरोबरच तळासाठी आणखी एक बेट डोळ्यांसमोर होतं, अल्दाब्रा. तिथे राक्षसी कासवं आहेत, दुर्मीळ पक्षी आहेत. १९६७ मध्ये ब्रिटनची रॉयल सोसायटी, अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था आणि जगभरचे शास्त्रज्ञ या कासवांच्या बाजूने उभे राहिले, वर्तमानपत्रांत लिहिलं, ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारले गेले. पौंडाचं अवमूल्यन झालं तेव्हा ती योजना गुंडाळण्यात आली. अल्दाब्रा आज जागतिक वारसास्थळ आहे, आणि असायलाच हवं. पण कासवांसाठी जे लिहिलं गेलं, त्याच्या शतांश शब्दही त्याच वर्षांत चागोसच्या माणसांसाठी कोणी लिहिले नाहीत, कारण ती माणसं आहेत हेच कोणाला सांगितलेलं नव्हतं.

तळाने पुढे काय केलं ते सर्वज्ञात आहे. १९९१ चं आखाती युद्ध, २००१ चं अफगाणिस्तान, २००३ चं इराक. २०२५ च्या वसंतात येमेनवर हल्ले चालू होते तेव्हा तिथे किमान सहा बी-२ बॉम्बफेकी विमानं उभी होती. या प्रत्येक युद्धाबद्दल वेगवेगळं मत असू शकतं. अफगाणिस्तानातली पहिली कारवाई मला समजण्यासारखी वाटते, इराकची अजिबात नाही. पण दोन्ही मोहिमांसाठी विमानं उडाली ती एकाच धावपट्टीवरून आणि तितक्याच सहजतेने. तुर्कस्तानसारख्या ठिकाणी बऱ्यावाईट युद्धांतला फरक करण्याची निदान संधी असते. तिथे कोणी तरी उठून विचारतं की हे युद्ध कशासाठी? निर्मनुष्य केलेल्या बेटावर हा प्रश्न उठतच नाही. बेटाचा मालक म्हणवणाऱ्या ब्रिटनलाही तिथे काय चालतं ते नीट माहीत नसतं. २००२ मध्ये संशयितांना गुप्तपणे नेणारी दोन अमेरिकी विमानं दिएगो गार्सियावर उतरली होती. असं काही घडलं नाही, असं ब्रिटिश सरकार अमेरिकेच्या भरवशावर आपल्या संसदेला सांगत राहिलं, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांना उभं राहून माफी मागावी लागली. नाही म्हणणारा हटवला की विचारणाराही हटतो, तो असा.

चागोसवासी गप्प बसले नाहीत. २००० मध्ये बॅनकूल्ट लंडनच्या उच्च न्यायालयात जिंकले. दिएगो गार्सिया सोडून बाकीच्या बेटांवर परतण्याचा हक्क मान्य झाला. अमेरिकेने ब्रिटनला कळवलं की दूरच्या बेटांवरची वस्तीही तळाच्या सुरक्षेला बाधक ठरेल. २००४ मध्ये ब्रिटनने राणीच्या विशेषाधिकाराखाली, म्हणजे पुन्हा संसदेला वळसा घालून, तो हक्क काढून घेतला. २००८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. पुढे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ मताने सल्ला दिला की चागोस तोडणं बेकायदा होतं आणि ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर संपवावा. तेरांमध्ये आपले दलवीर भंडारी होते. विरोधात एकट्या अमेरिकी न्यायाधीश. मे महिन्यात आमसभेत ११६ देशांनी त्या सल्ल्याच्या बाजूने मत दिलं. विरोधात सहा, त्यांत अमेरिका आणि ब्रिटन.

तीन वर्षांनी रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं तेव्हा हीच दोन राष्ट्रं जगाला भौगोलिक अखंडतेची आठवण करून देत होती. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. रशियाचं आक्रमण अन्यायाचं आहे याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही. पण न्यायालयाचा सल्ला आपल्याला लागू होत नाही असं वागणाऱ्याने नियमांवर चालणाऱ्या जगाची भाषा केली, तर आफ्रिका आणि आशियातले देश ती ऐकून घेतात आणि त्यावर विश्वास ठेवत नाहीत. अमेरिकेचं यात झालेलं नुकसान मोजता येत नाही, म्हणून ते पेंटागॉनच्या हिशेबात दिसत नाही. युक्रेनला त्या अविश्वासाची किंमत पडते आहे.

आता यावरचा सर्वांत जोरकस आक्षेप. चीनचा जिबुतीतला तळ २०१७ पासून चालू आहे. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून निघालेलं तेल मुंबईच्या आणि गुजरातच्या किनाऱ्यांवर उतरतं. हा समुद्र खुला राहण्यात अमेरिकी आरमाराचा वाटा आहे, आणि तो मी नाकारत नाही. मग दिएगो गार्सियाचा तळ कमकुवत करून भारताला काय मिळणार? प्रश्न योग्य आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे : तळ आणि माणसं एकत्र नांदू शकत नाहीत. हे खोटं आहे. ओकिनावात तळाच्या कुंपणाला लागून गावं आहेत, ग्वामवर आहेत, जर्मनीत रामस्टाइनला आहेत. खुद्द दिएगो गार्सियावर फिलिपाइन्सचे आणि मॉरिशसचे कामगार राबतात. परका माणूस तिथे स्वयंपाकी म्हणून चालतो आणि तिथे जन्मलेला माणूस रहिवासी म्हणून चालत नाही, यात सुरक्षेचं कोणतं तत्त्व आहे? कल्पना ज्यांची होती त्या बार्बर यांनीच आयुष्याच्या अखेरीस, १९९१ मध्ये, पत्रं लिहून सांगितलं की या लोकांना हुसकावण्याची गरज नव्हती आणि त्यांना परत जाऊ द्यावं. त्या पत्रांनी काही बदललं नाही.

भारताच्या भूमिकेबद्दल मला तक्रार आहे, आणि ती आपलेपणाने करतो. डिसेंबर १९७१ मध्ये ‘एंटरप्राइझ’ ही अमेरिकी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे आली, ही आठवण आपल्याकडे अजून जागी आहे. अनेक जण ती दिएगो गार्सियाशी जोडतात, पण तळाचं काम तेव्हा जेमतेम सुरू झालेलं होतं. ताफा आला तो मलाक्काच्या वाटेने. १६ डिसेंबर १९७१ रोजी, ढाक्याला शरणागती झाली त्याच दिवशी, आमसभेने हिंदी महासागर हे शांतताक्षेत्र असावं असा ठराव केला. भारत त्याच्या बाजूने होता आणि पुढची अनेक वर्षं दिएगो गार्सियाच्या विरोधात ठामपणे बोलत राहिला. आज २०१६ च्या करारानुसार भारत आणि अमेरिका एकमेकांच्या तळांवर इंधन-रसद घेऊ शकतात. काळ बदलला, चीन बदलला, आपली गरज बदलली. हे सगळं मान्य. भारताने २०१९ मध्ये मॉरिशसच्या बाजूने मतही दिलं. पण आपल्या अधिकृत भाषेत भर असतो तो मॉरिशसच्या सार्वभौमत्वावर. त्या बेटांच्या माणसांवर तो असायला हवा तितका नसतो.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या, आणि भारताने त्याचं स्वागत केलं. करारानुसार सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे, म्हणजे व्यवहारात अमेरिकेकडे. ब्रिटन वर्षाला सरासरी १०.१ कोटी पौंड देणार. बाकीच्या बेटांवर वस्ती करायला मॉरिशस मोकळा राहील, पण वस्ती केलीच पाहिजे असं बंधन नाही. दिएगो गार्सियावर परतायला वाव नाही. वाटाघाटींच्या टेबलावर चागोसवासी नव्हते. त्यांच्यात एकमत नाही, हेही खरं. बॅनकूल्ट यांच्यासारख्यांनी कराराचं स्वागत केलं, तर तिथेच जन्मलेल्या दोन स्त्रियांनी सह्या थांबवण्यासाठी लंडनच्या न्यायालयात रात्रीत मनाई मिळवली, जी काही तासांत उठली. मतभेद आहेत म्हणून विचारायचंच नाही, हा मात्र १९६५ चाच न्याय झाला. या कराराचं पुढे काहीही होवो, १९६५ मध्ये लंडनला जो प्रश्न टाळला गेला तो २०२५ मध्येही टाळला गेला.

मॉरिशसमध्ये मराठी शाळेत शिकवली जाते, आणि ती शिकणारे एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज आहेत. चागोसवासींचे काही पूर्वज त्याच मळ्यांच्या व्यवस्थेने, तशाच जहाजांतून आणले होते. म्हणून या समाजाने पोर्ट लुईच्या सरकारला विचारावं की बेटं परत मिळाली तर माणसं परत केव्हा जाणार?

आणि दिल्लीला विचारायचा प्रश्न अगदी ठोस आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मॉरिशसला जाहीर केलेल्या मदतीत चागोसच्या सागरी संरक्षित क्षेत्राचा विकास आणि टेहळणी यांचा समावेश आहे. सागरी संरक्षित क्षेत्र या कल्पनेचा इथला इतिहास आपल्या अधिकाऱ्यांना ठाऊक असेलच. १ एप्रिल २०१० रोजी ब्रिटनने तिथे असंच क्षेत्र जाहीर केलं. फुटलेल्या अमेरिकी राजनैतिक संदेशांमधून बाहेर आलं की त्यामुळे बेटवासीयांना परतणं अशक्य होईल, असं एक ब्रिटिश अधिकारी अमेरिकनांना आधीच समजावून सांगत होता. २०१५ मध्ये लवादाने ते बेकायदा ठरवलं. प्रवाळ आणि मासे जपायलाच हवेत, पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्यांना वगळून ते जपले, तर आपण ब्रिटनचंच काम पुढे चालवू. भारताच्या पैशाने तिथे काही उभं राहणार असेल, तर टेहळणीच्या रडारआधी पेरोस बान्होसवर धक्का, पिण्याच्या पाण्याची सोय, दवाखाना आणि राहती घरं यांचा आराखडा मॉरिशसपुढे ठेवावा, आणि तो चागोसवासींच्या संघटनांशी बोलून करावा. मॉरिशसमधल्या, सेशेल्समधल्या आणि इंग्लंडमधल्या क्रॉलीतल्या, तिन्ही ठिकाणच्या. वॉशिंग्टनशी बोलताना दिएगो गार्सियाच्या पूर्व किनाऱ्यावर, धावपट्टीपासून दूर असलेल्या जुन्या गावाच्या जागी, लोकांना राहू देण्याचा विषय काढावा. अमेरिका कदाचित नाही म्हणेल. मग ते ‘नाही’ कोणत्या कारणाने, हे तिला उघडपणे सांगावं लागेल. बेटांवर जन्मलेले बहुतेक जण आता साठीच्या किंवा सत्तरीच्या पुढे आहेत, त्यामुळे ही बोलणी पुढच्या शिखर परिषदेपर्यंत लांबवू नयेत.